माझ्या नवऱ्याचं नाव

दाढी करताना ह्यांनी गालाला पुन्हा कापून घेतलं, तेव्हा मी पोह्यांची परात खाली ठेवली आणि तुरटीचा खडा शोधायला लागले. पाहुणे दुपारच्या आत येणार होते. नूतन न्हाऊन केस वाळवत बसली होती, आणि नवरीचा बाप आरशासमोर उभा राहून रक्त पुसत होता. शेवटी वस्तरा मीच काढून घेतला. म्हटलं, राहू द्या तेवढी हनुवटी, कुणी भिंग घेऊन बघायला येत नाहीये.

"त्यास्ले मनं नाव सुरेश सांगेल शे ना?" त्यांनी विचारलं.

सांगितलंय, म्हटलं. सकाळपासून हेच चाललं होतं. मध्यस्थाला सुरेश सांगितलंय, शेजारणीला बजावून ठेवलंय, नूतनला तर सांगायचीही गरज नव्हती. तरी ह्यांचं समाधान होईना. तेवढ्यात बाहेर गल्लीत कुणी रिक्षावाला दुसऱ्याला ओरडून म्हणाला, "चल रे, सुपडू करू. आज काय धंदा नाय." सुरतेच्या ह्या लिंबायतीत दिवसातून किती वेळा कानावर पडतं हे, पण ह्यांनी मान अशी आत ओढून घेतली, जसा कुणी मागून दगडच मारला.  आजच्या दिवशी तरी मेल्यांना दुसरा शब्द मिळू नये का?

माझ्या नवऱ्याचं नाव सुपडू. बाईमाणसानं नवऱ्याचं नाव घेऊ नये, अशा घरात मी वाढले, आणि लग्न झाल्यापासून कधी घेतलंही नाही. ह्यांना हाक मारायची तर "अहो", नाहीतर "नूतनचे बाबा". आणि माझी गंमत बघा. अख्खं सुरत माझ्या नवऱ्याचं नाव उठता-बसता घेत होतं, आणि एक मी तेवढी घेऊ शकत नव्हते. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आज नळावरून लवकर सुपडू करते गं, सासू वाट बघतेय. मी म्हणायची, लवकर जाते. त्यांना वाटायचं, ही सरलाबाई जरा जास्तच शुद्ध बोलते.

हे नाव सासूबाईंनी ठेवलं होतं, आणि ते काही हौसेनं ठेवलं नव्हतं. ह्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली. हे जन्मले तेव्हा सासूबाईंनी त्यांना पाळण्यात घातलंच नाही, सुपात घातलं. आमच्या खान्देशात अशी रीत आहे. सुपात पडलंय ते फोलपट, पाखडून टाकायचं, असं मरणाला वाटावं आणि ते पुढच्या दारी जावं. म्हणून सुपडू. मरणाला फसवायला ठेवलेलं नाव. त्यामुळे घरात एक भीती मुरलेली होतीच. पोर शिंकलं तरी आई उठून बसायची. असा वाढलेला माणूस वाघ कुठून होणार?

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची साथ आली. तेव्हा हे लिंबायतीत एका लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कारीगर होते. खात्यात एक पद्धत असते. एकेका माणसाकडे कितीतरी लूम, त्या बंद करून कुणाला चहाला जाता येत नाही. मग शेजारच्याला सांगायचं, माझ्या लूम बघ जरा, आणि जाऊन यायचं. शेजारचा आपल्याही बघतो आणि तुमच्याही. धागा तुटला तर जोडतो, बॉबिन बदलतो. ह्या बोलीवरच सगळं खातं चालतं. लिहून ठेवत नाही कुणी, पण त्यात खोट करणारा माणूस खात्यात टिकत नाही.

त्या दिवशी सकाळी कुणीतरी बातमी आणली की नदीपलीकडे माणसं खोकता खोकता पडतायत. बाकीचे हसले. पुराच्या पाण्यानं ताप आला असेल, म्हणाले. ह्यांना हसू आलं नाही. शेजारी हिलाल नावाचा कारीगर होता, आमच्याच बाजूचा, ह्यांचा दोस्त. त्याला हे म्हणाले, "मना माग देखजो, मी येस." आणि खात्याबाहेर पडले ते पडलेच.

मी भात टाकला होता. दारात हे उभे, केसांत धाग्याचा कचरा, तोंड पांढरं फटक. म्हणाले, "ऊठ. पोरले ले. आपले जानं शे." मी विचारलं, कोण गेलं? कुणी नाही, म्हणाले, अजून कुणी नाही. मी भांडले. भात तसाच चुलीवर ठेवून निघायचं म्हणजे काय, लोक काय म्हणतील? लोक काय म्हणतील ते पुढे चांगलंच कळलं. पण तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि त्या हातातून भीती सरळ माझ्या अंगात आली. सांगते ना, भीती अशीच लागते. कुणी समजावून सांगावं लागत नाही.

भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला आम्हाला बसायला जागा मिळाली. दुसऱ्या दिवसापासून लोक टपांवर चढले, तोंडाला रुमाल बांधून, ट्रकांना लोंबकळत. शेठ लोक मोटारीतून गेले. दवाखान्यातलेही गेले म्हणतात. गल्ल्या अशा ओस पडल्या की कुत्र्यांना भाकरी घालायला माणूस नव्हता. आम्ही मात्र एक दिवस आधी गेलो, एवढाच आमचा गुन्हा.

गावानं आम्हाला वेशीत घेतलं नाही. शेतातल्या झापात, त्या पाचटाच्या झोपडीत राहा, म्हणाले, काही होत नाही असं दिसलं की या. त्यांचंही चूक नव्हतं, तेही घाबरलेले. सासूबाई रोज दिवस मावळताना बांधापर्यंत यायच्या, भाकरीचं फडकं दगडावर ठेवायच्या आणि मागे सरून हाक मारायच्या, "सुपडू रे, शेस ना?" हे आतून म्हणायचे, "शे वं माय." मग म्हातारी परत जायची. नूतन माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असायची आणि मी तिच्या कपाळाला हात लावून बघत राहायची, ताप आहे की माझाच हात गरम आहे. त्या दिवसांत मला ते नाव देवासारखं वाटायचं. ते बांधावरून ऐकू आलं की वाटायचं, चला, आजचा दिवस गेला.

आम्हाला काही झालं नाही. दिवाळीच्या सुमारास सगळे परतले तसे आम्हीही परतलो. सुरत धुऊन पुसून बसली होती, गटारांच्या कडेला पांढरी पावडर, आणि माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत नव्हती. सगळेच पळाले होते ना. कुणी म्हातारी मागे ठेवून, कुणी आजारी भाऊ ठेवून, कुणी दाराला कुलूप लावून आणि भाडेकरूला आत ठेवून. आता परत एकाच नळावर पाणी भरायचं, एकाच खात्यात उभं राहायचं. कसं राहायचं? काहीतरी हसण्यासारखं हवं होतं, आणि ते मिळालं. हे पहिल्या दिवशी खात्यात शिरले, तर हिलाल सगळ्यांसमोर म्हणाला, या सुपडूराव, तुमच्या लूम अजून बघतोय मी. खातं हसलं. इतकं हसलं की देखरेख करणारा मास्तर धावत आला.

ती थट्टा संध्याकाळपर्यंत शिवी झाली. ऐन वेळी दगा देणारा तो सुपडू. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका खात्यात कुणीतरी कुणाला "सुपडू साला" म्हटलं म्हणून डोकं फुटलं. ज्याचं डोकं फुटलं त्यानं माझ्या नवऱ्याला कधी पाहिलंही नव्हतं. सारं सुरत पळालं आणि नाव तेवढं एकाचं झालं. आजही ते आठवलं की माझी जीभ कडू होते.

ह्यांनी ते खातं सोडलं. दुसरीकडे गेले तर शब्द त्यांच्या आधी तिथे पोचलेला. शेवटी पांडेसऱ्याला एका डाइंग मिलमध्ये, रंगाच्या कामाला लागले. ठेकेदारानं नाव विचारलं, ह्यांच्या तोंडून निघालं, सुरेश. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा ते खाली बघत होते आणि नखं निळी झाली होती. मला नाव बदलल्याची लाज नाही वाटली. भीती वाटली. म्हटलं, ज्या नावानं मरण चुकवलं ते टाकून दिलं, आता ते आलं तर ओळखेल की काय ह्यांना? हसा खुशाल. सासूबाई त्याच सालात गेल्या, नाहीतर त्यांना मी काय सांगितलं असतं?

मग तो शब्द वाढायला लागला, आपल्याच पोरासारखा, आपल्याला न विचारता. आधी शिवी होता. वर्षभरात खात्यातली पोरं म्हणायला लागली, आज पाळीला सुपडू मारला. म्हणजे दांडी मारली, एवढंच. त्यात राग नव्हता. मग शाळेत गेला. नूतनच्या वर्गात शेवटच्या तासाला पोरं सुपडू करायची. आणि हजेरी घेताना बाई पूर्ण नाव वाचायच्या, नूतन सुपडू, की वर्ग डोकं बाकावर आपटून हसायचा. बाईसुद्धा हसायच्या, बिचाऱ्या, मुद्दाम नाही. नववीत पोरीनं दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाली, मी नाही जाणार.  त्या रात्री हे जेवले नाहीत.

आणि पुढे तर काय, गुजराती शेठसुद्धा दिवाळीला मिठाईचे पुडे वाटून म्हणायला लागले, चालो, काले बधा सुपडू करजो. म्हणजे सुट्टीला जा, मजा करा. आमच्या गल्लीतली एक पोर सासरी मार खात होती, ती एके दिवशी लेकरू काखेत मारून माहेरी आली, तर बायका म्हणाल्या, बरं झालं बाई, वेळेवर सुपडू केलं. ऐकलंत ना? आता तो शहाणपणाचा शब्द झाला होता. शब्दाचं भलं होत गेलं, माणसाचं काही झालं नाही. पोरांना वाटायचं हा शब्द आभाळातून पडलाय. कुणालाच कुणी माणूस आठवत नव्हता. मी ह्यांना समजावायची, अहो, आता तो शब्द तुमचा राहिला नाही, सोडा ना. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तेच खरं. दारावर थाप पडली तरी हे आधी मागच्या दाराकडे बघायचे.

तर असा माणूस त्या रविवारी नवा सदरा घालून पाहुण्यांची वाट बघत होता. जानेवारी महिना, नव्याण्णव साल. स्थळ चलथाणचं, मुद्दामच लिंबायतीबाहेरचं पाहिलं होतं. मुलगा भूपेंद्र, साड्यांच्या दुकानात कामाला, निर्व्यसनी. बाप पंडितराव साखर कारखान्यात, आई कुसुमबाई. पसंती आधीच झाली होती. आज नुसती सुपारी फोडायची, दोन्हीकडच्या चार माणसांसमोर नावं घ्यायची की लग्न पक्कं. नूतननं मुलाला एकदाच पाहिलं होतं, पण तेव्हापासून पोरगी स्वयंपाक करताना गुणगुणायची. नववीत बंद झालेला तिचा आवाज आता कुठे उघडत होता, आणि मला त्याचीच धास्ती होती. हे स्थळ मोडलं तर ती पुन्हा मुकी होईल.

रिक्षा थांबली. मी पडद्याआडून बघत होते. पंडितराव उतरले, कुसुमबाई उतरल्या, धाकटी लेक प्रियांका उतरली, भूपेंद्र उतरला. मागून मुलाचा मामा उतरला, धोतराचा सोगा सावरत, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ह्यांचा श्वास मला ऐकू आला. हिलाल.

केस पिकले होते, पण तोच. साथीनंतर खातं सोडून साखर कारखान्यावर गेल्याचं कधीतरी ऐकलं होतं. पण तो कुसुमबाईंचा भाऊ असेल हे कुणाच्या स्वप्नात? मध्यस्थानं नुसतं "मुलाचे मामा" सांगितलं होतं.

हे मागे सरले. मागच्या दाराची कडी काढली. माझ्याकडे बघितलं, आणि साथीच्या दिवशी जे वाक्य हिलालला म्हणून खात्याबाहेर पडले होते तेच माझ्या तोंडावर म्हणाले, "देखजो जरा. मी येस."

आणि गेले.

पुढचं मी कसं निभावलं ते माझं मला माहीत. हसून पाहुण्यांना सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं, पोहे दिले. ते पान आणायला गेलेत, म्हटलं. पंडितराव म्हणाले, असू द्या, घाई नाही, दुपारपाळीला पोचलो म्हणजे झालं. मी आत येऊन भिंतीला टेकले.  अहो, मनात म्हटलं, तेव्हा पळताना मला बरोबर नेलंत, आता एकटीला ठेवून चाललात का? नूतन साडी नेसून बसली होती, तिनं मागचं उघडं दार पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.  तिला विचारायची गरजच नव्हती. ती हळूच उठली, दार लोटून घेतलं, आणि पुन्हा येऊन बसली.

बाहेर हिलालभाऊ विचारत होते, सुरेशराव मूळचे कुठले? मी गावाचं नाव सांगितलं. खोटं सांगायला सुचलंच नाही.  त्यांनी आधी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बशी खाली ठेवली. बशीतला चमचा वाजला. मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होते, तो मला सापडेना, आणि त्यानं मी आणखीच घाबरले. माणूस रागावला तर काय करेल ते कळतं.

पोहे संपले. पाणी पुन्हा फिरलं. पंडितराव दाराकडे बघायला लागले, कुसुमबाई पंडितरावांकडे. भूपेंद्र चुळबुळ करत होता. आता काय सांगायचं, हाच विचार डोक्यात घण घालत होता, तेवढ्यात पुढच्या दारात सावली पडली. हे उभे होते. हातात पानाचा पुडा, सदरा पाठीला चिकटलेला, ओठ कोरडे.

नंतर त्यांनी मला सांगितलं, उधन्याला जाणाऱ्या शेअर रिक्षात जाऊन बसले होते. रिक्षा भरेना, म्हणून उतरले. मी विचारलं, आणि भरली असती तर? 

ते आत आले आणि हिलालभाऊंच्या बरोबर समोर बसले. नमस्कार झाला. दोघांनीही ओळख दाखवली नाही. दोन माणसं अशी समोरासमोर बसलेली मी पाहिली नव्हती. दोघंही सतरंजीच्या त्याच एका पट्ट्याकडे बघत होते.

कुसुमबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या आपल्या हौशी. नारळ, सुपारी, हळदकुंकू मांडून झालं, तशा म्हणाल्या, विहीणबाई, सुपारी फुटण्याआधी नाव घ्या, आमच्यात रीत आहे. प्रियांका टाळ्या पिटायला लागली. मी तयारी केली होती. सुरेशरावांचा उखाणा आठवडाभर घोकला होता, चांगला यमकाचा. उभी राहिले. पदर डोक्यावर घेतला.

आणि मला बोलता येईना. ज्या नवऱ्याचं नाव मी उभ्या जन्मात घेतलं नाही, ते पहिल्यांदा घ्यायचं, चारचौघांत, देवापुढे, आणि तेही खोटं घ्यायचं? माझ्या पोरीच्या सुपारीला? ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान वर केली. मला वाटलं ते नको म्हणून खुणावतील, पण त्यांनी काहीच केलं नाही. नुसते बघत राहिले, झापातून बांधाकडे बघायचे तसे.  लग्न मोडलं तर मोडलं, असं मी ठरवलं म्हणाल तर तसंही नाही. तोंडातून निघालं ते निघालं:

"सुपात घालून सासूबाईंनी देवाला मारली हाक,
सुपडूरावांच्या जिवावर फिरतं माझ्या संसाराचं चाक."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग प्रियांका फिसकन हसली. म्हणाली, काकू, हे नाही, खरं नाव घ्या ना. हे तर काका सारखे सुपडू करतात म्हणून तुम्ही पाडलेलं नाव असेल. पंडितरावही हसले, विहीणबाई थट्टेखोर आहेत, म्हणाले. भूपेंद्रनं हसू दाबायला तोंडावर हात घेतला. मी उभीच. आडनाव, गाव, सगळं असलेला माझा नवरा समोर बसलेला, आणि लोकांना वाटतंय की शब्द आधी होता आणि माणूस नंतर झाला.

हसणं विरल्यावर हिलालभाऊ बोलले. आवाज बारीक होता. "तेच खरं नाव शे. आम्ही एक खातामा व्हतूत. हाऊ शब्द मीच काढा."

 कुसुमबाईंनी, भाऊ, असं काहीतरी म्हटलं. ते थांबले नाहीत. सांगायला लागले ते ह्यांच्याकडे न बघता, सुपारीच्या ताटाकडे बघत. म्हणाले, हा निघून गेला, मी दिवस बुडेपर्यंत ह्याच्या लूम बघितल्या, शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मीही पळालो. माझा बाप अंथरुणाला खिळलेला होता. शेजाऱ्याला सांगितलं, बघजो जरा, येतो, आणि त्याला खोलीत तसाच ठेवून गेलो. परत आल्यावर लोक विचारणार होते, बाप कुठे ठेवला होतास रे? त्यांनी विचारण्याआधी मी ह्याचं नाव पुढे केलं. लोक हसले, मला कुणी विचारलं नाही. "बाप वाची गया," ते म्हणाले. "पन मरेपर्यंत त्यानी माले हाक मारी नही."

एवढं बोलून त्यांनी उपरणं तोंडाला लावलं. कुसुमबाई पुतळ्यासारख्या बसल्या होत्या. हे त्यांना नवीन होतं. बाप त्यांचाही होता.

मी ह्यांच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांचा राग आता बाहेर येईल, असं वाटलं. आला असता तर मी अडवलं नसतं. पण ते नुसते गुडघ्यावर हात ठेवून बसले होते.  बाहेरून लूमचा खडखडाट येत होता, तेवढाच आवाज. नूतन आतल्या दाराशी उभी होती आणि तिनं चौकट घट्ट धरली होती. आता मोडतंय, असंच मला वाटलं. पोरीचं लग्न मोडतंय, ह्या दोन घाबरलेल्या माणसांपायी मोडतंय.

ही शांतता पंडितरावांना सोसेना. साधा माणूस, त्यांना वाटलं, आपण जावं, यांचं यांना निस्तरू द्यावं, सुपारी पुढच्या रविवारी फुटेल. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि उठता उठता, जसं सगळेच म्हणतात तसं, म्हणाले, "बरं मग, आज आम्ही सुपडू करतो."

म्हणाले आणि जागच्या जागी थिजले. अर्धे उठलेले, अर्धे बसलेले, कानापर्यंत लाल. प्रियांकानं डोळे मिटून घेतले. मी मागच्या दाराकडे बघितलं, खरंच सांगते. आता हे उठतील आणि तिकडून जातील, आणि ह्या वेळी रिक्षा भरलेली असेल, असं मला वाटलं.

हे उठले नाहीत. त्यांनी हात पुढे करून पंडितरावांचं मनगट धरलं आणि खाली बसवलं.

"बठा व्याही," ते म्हणाले. "सुपारी फुटू द्या, च्या पी ल्या, मंग करा सुपडू."

 शेवटचा शब्द जेमतेम बाहेर आला. पण तो त्यांनी पुरा म्हटला, साधा, गल्लीतला कुणीही म्हणेल तसा. साथीनंतर त्यांच्या तोंडून तो पहिल्यांदाच निघाला होता. मला रडू आलं, मी लपवलंही नाही. पंडितरावांनी त्यांचा हात सोडला नाही.

सुपारी फोडायचा मान मामाचा. हिलालभाऊंनी अडकित्ता घेतला, पण त्यांना तो मिटेना, मग ह्यांनी वरून आपला हात ठेवून दाबलं. सुपारी फुटली. ह्यांनी खांडं गोळा केली, सगळ्यांना वाटली, आणि शेवटचं हिलालभाऊंपुढे धरलं. त्यांनी ते घ्यायला दोन्ही हात पुढे केले.